अठ्ठावीस मीटरची बाई

३ जानेवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार घालायला मला केवढी जागा लागते ते तुला माहीत आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घे. फोन करणार होते. पण मी ओरडायचं, तू "काय? काय?" करायचं आणि शेजारच्या टेबलांनी सगळं ऐकायचं, त्यापेक्षा कागद बरा.

संघातून माझं नाव गेलं. त्याचं फार वाटलं नाही. चौदा वर्षं देशाकडून बास्केटबॉल खेळले, आणि छत्तिसाव्या वर्षी गुडघे आपणहून राजीनामा देतात. वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. आमच्या वीज कंपनीच्या मुलींच्या संघाला प्रशिक्षक नाही. मी अर्ज केला. ते पद मिळालं नाही तर मीटर तपासणी विभागात, लोकांच्या मीटरचे आकडे फिरताना बघत, मी निवृत्त होणार. कोर्टाचं तोंड दिसणार नाही.

क्रीडा विभागाच्या साहेबांनी अर्ज वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं (त्यांना करावीच लागते) आणि म्हणाले, "बाई, नियम आहे. प्रशिक्षक व्हायचं तर वार्षिक स्पर्धेत दहा हजार मीटर पळायचं. पंचावन्न मिनिटांच्या आत."

"पण मी बास्केटबॉल शिकवणार आहे, साहेब."

"नियम सगळ्या खेळांना एकच. तुम्ही पडलात अठ्ठावीस मीटरची बाई. तेवढ्यात तुमचं कोर्ट संपतं, आणि श्वासही."

साहेब तरुणपणी लांब पल्ल्याचे धावपटू होते. अजून काडीसारखे आहेत आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून शर्ट खोचतात.

मावशी, तू आधी स्वतः पळालीस, मग तीस वर्षं ट्रॅकच्या कडेला घड्याळ धरून बसलीस. तुझ्याइतकं हे कुणाला कळणार? सांग, जमेल का मला? स्पर्धा ३० मार्चला आहे.

तुझी,
शिडी

९ जानेवारी

चि. शिडीस अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. नको पळूस.

तुझ्यासारखे उंच, नावाजलेले खेळाडू मी ट्रॅकवर पाहिले आहेत. हौसेनं उतरतात. पहिल्या चार फेऱ्या इतक्या देखण्या की बघत राहावं. सातव्या फेरीला कपाट ढकलत चालल्यासारखे दिसतात. त्यात त्यांचा दोष नाही. लांब पळणारी माणसं लहान चणीची असतात. तुझं चौऱ्याऐंशी किलो वजन तुला पावलापावलाला उचलायचं आहे, आणि एवढं मोठं अंग एकदा तापलं की लवकर निवत नाही. उडी मारताना ज्या ताकदीचा तुला उपयोग होतो, तीच इथे ओझं होते.

शिवाय तुमचा खेळ म्हणजे वीस सेकंद जिवाच्या आकांतानं धावायचं, मग शिट्टी, मग कमरेवर हात. दहा हजारात कमरेवर हात ठेवायला कुणी वेळ देत नाही.

दुसरं काही पद असेल तर बघ. त्या नियमाच्या नादाला लागू नकोस.

मावशी

१५ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

कमरेवर हात? एका सामन्यात मी साडेचार किलोमीटर पळत असे. संघाच्या डॉक्टरांनी एकदा मोजलं होतं. त्यातलं निम्मं उलटं किंवा आडवं, अंगावर तितक्याच वजनाची बाई रेलून असताना. तुझ्या त्या लहान चणीच्या लोकांना सांग एकदा असं पळायला.

साहेब बोलले ते मी गिळलं. तूही तेच बोलशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी आईला सगळे म्हणायचे, "हिच्या लग्नाचं कसं होणार, पंख्याला डोकं लागतंय." तेव्हा तू एकटी म्हणाली होतीस, "मग पंखा वर घ्या." ती मावशी कुठे गेली?

काल ऑफिस सुटल्यावर ट्रॅकवर गेले. तुला खूश व्हायचं असेल तर हो: सातव्या फेरीलाच थांबले. कपाट नव्हे, अख्खं गोदाम ढकलत होते. व्हॉलीबॉलचे प्रशिक्षक कडेला चहा पीत होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात आणि त्यांचं पोट त्यांच्या अर्धी फेरी पुढे असतं. म्हणाले, "काय बाई, लाइट गेली का?"

उद्या परत जाणार आहे. तुझा सल्ला नको. ही नुसती माहिती.

शिडी

२२ जानेवारी

शिडे,

पहिली फेरी किती सेकंदांत पळालीस ते लिहिलं नाहीस, पण मी सांगते. शंभराच्या आत. बरोबर?

पंचवीस फेऱ्या. प्रत्येकीला दोन मिनिटं अकरा सेकंद. पहिलीला तेवढीच, शेवटचीला तेवढीच. पहिल्या पाच फेऱ्यांत कंटाळा आला नाही तर तू चुकते आहेस असं समज. बूट अर्धा नंबर मोठे घे. टाचा आपटू नकोस, शेजारी झोपले आहेत असं समजून पाय टाक. आठवड्यातून चारच दिवस. गुडघा दुखला तर त्या दिवशी पोहायला जा, शौर्य दाखवू नकोस.

मी नको म्हटलं त्याला माझी कारणं आहेत. पण पळणारच असशील तर नीट पळ.

मावशी

११ मार्च

प्रिय मावशी,

दीड महिना पत्र नाही म्हणून हातपाय गाळले असं समजू नकोस. तुझा कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. एकोणऐंशी किलो. काल वीस फेऱ्या, चव्वेचाळीस मिनिटांत.

आता खरं सांगू? पहिली फेरी त्या दिवशी ब्याण्णव सेकंदांत पळाले होते.

कंटाळ्याचंही खरं आहे. कोर्टावर कुणीतरी सतत माझ्या वाटेत असतं, त्यामुळे स्वतःचा विचार करायला फुरसत मिळत नाही. इथे मीच मी. बाराव्या फेरीला मला स्वतःचा इतका वीट येतो की दुसरं कुणीतरी येऊन पुढचं पळावं असं वाटतं. कुणी येत नाही. मग तेराव्या फेरीला मीच येते.

संघातल्या मुली कडेला उभ्या राहून फेऱ्या मोजतात. त्यांच्यातली सगळ्यात बुटकी म्हणाली, "ताई, तुम्ही आलात ना, तर आम्ही तुमच्याबरोबर पळू. भाऊंसारखं बसून 'पळा पळा' नका म्हणू म्हणजे झालं." मी शब्द दिला आहे.

शिडी

२ एप्रिल

मावशी,

चोपन्न मिनिटं एकवीस सेकंद! एकोणीस लोकांत सतरावी, पण चोपन्न एकवीस!

आणि तरीही पद नाही. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे "बाद" लिहिलं आहे. काहीतरी अडथळ्याचं कलम काढलं म्हणे. साहेबांना मी नकोच होते, निमित्त मिळालं. वेळेत पकडता आलं नाही ना, मग कलमं शोधायची. मी लेखी तक्रार करणार आहे. तू घड्याळवाली, तुला हे लोक ओळखतात. तक्रारीसोबत तुझं चिठ्ठीवजा काही जोडता येईल का?

शिडी

६ एप्रिल

शिडे,

चोपन्न एकवीस वाचून मी स्वयंपाकघरात उभी होते ती खाली बसले. चौऱ्याऐंशी किलोंवरून, तीन महिन्यांत. माझं पहिलं पत्र फाडून टाक.

आता चिठ्ठीचं. अडथळा केलास की नाही? "काहीतरी", "म्हणे", "निमित्त" हे शब्द न वापरता लिही. मग बघू.

मावशी

१० एप्रिल

मावशी,

केला.

सातवी फेरी होती. पुढे पळणारे मला मागून गाठून ओलांडत होते, ते ठरलेलंच होतं. सगळ्यात पुढे होता गोदामातला कारकून, हडकुळा, वाऱ्यासारखा पळतो. तीनदा तो बाजूनं निघून गेला आणि मला काही वाटलं नाही. चौथ्यांदा उजव्या खांद्यामागे त्याची पावलं ऐकू आली आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. म्हणजे येतं. गुडघे वाकले, कंबर खाली गेली, दोन्ही हात पसरले आणि मी उजवीकडे सरकले. वीस वर्षं मागून येणाऱ्याला मी बास्केटखाली हेच केलं आहे. डोक्यानं नाही केलं गं, कमरेनं केलं. तो माझ्यावर आपटला आणि दुसऱ्या लेनमध्ये बसला. गुडघा सोलवटला. उठून पळाला, पण पहिला येणारा दुसरा आला.

कोर्टावर त्यासाठी मला टाळ्या मिळाल्या असत्या. इथे कुणी काही बोललं नाही म्हणून मी पळत राहिले. कागदावर बघितलं तेव्हा आधी राग आला. लाज आज हे लिहिताना येते आहे.

त्याच्याकडे माफी मागायला गेले होते. म्हणाला, "ताई, मला वाटलं भिंत बांधली कुणीतरी मध्येच." हसत होता. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

तक्रार करत नाही. आठवीपासून पंचविसावीपर्यंतच्या फेऱ्या मात्र माझ्या आहेत. त्या मी कुणाला परत देणार नाही.

शिडी

१५ एप्रिल

लाडके शिडे,

बाद करणं बरोबर होतं. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

तू खरं लिहिलंस, आता माझी पाळी.

तो नियम माझा आहे. बारा वर्षांपूर्वी तुझ्या कंपनीनं क्रीडा समिती नेमली होती. बाहेरची जाणकार म्हणून त्यात मी होते. तू तेव्हा परदेशात खेळत होतीस. खुर्चीला चिकटलेले, पोरांना उन्हात पिटाळून स्वतः सावलीत बसणारे प्रशिक्षक पाहून माझं डोकं फिरलं होतं. त्या वर्षी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी चोपन्न मिनिटांत पळाले होते. एक मिनिट सवलत ठेवली आणि पंचावन्न लिहिलं. म्हणून तुला नको म्हणत होते. माझ्या तोऱ्यातून आलेला नियम तुझ्या मानेवर बसलेला बघवत नव्हता, आणि हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

पण तो मी असा लिहिला नव्हता. माझ्याजवळची प्रत सोबत पाठवते आहे. वाच: "प्रशिक्षकपदी असलेल्या व नव्याने येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, दर वर्षी." विचार तुझ्या साहेबांना, बारा वर्षांत कितीजण पळाले? नियमात अशीही सोय आहे की बाद झालेल्याला सहा आठवड्यांत पुन्हा चाचणी मागता येते. मागून घे. पण एकटीनं पळू नकोस. सगळ्यांना रांगेत उभं कर.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी पंचांच्या यादीतून मला कानांमुळे काढलं, हे मी तुम्हां कुणाला सांगितलं नाही. "आता कंटाळा आला" असं म्हणत राहिले. अगं, घड्याळवाला पिस्तुलाचा धूर बघून बटण दाबतो. आवाज मागाहून येतो. तीस वर्षं मी त्या आवाजाकडे लक्षसुद्धा दिलं नाही. तरी नाव काढायच्या कागदावर मी गप्प सही केली. तुझं पत्र वाचून वाटलं, मी कुणासाठी वाट मोकळी करत होते?

घड्याळ मी धरणार.

मावशी

२४ एप्रिल

मावशी,

तुझी प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उभी वाचली, आडवी वाचली.

"ही जुनी आहे."

"सही तुमचीच आहे, साहेब."

"बाई, भाऊंचं वय अठ्ठावन्न आहे. त्यांना काही झालं तर?"

"मला काही झालं असतं तर?"

"तुम्ही खेळाडू आहात."

"जानेवारीत तर मी अठ्ठावीस मीटरची होते."

बाहेर मुली दाराला कान लावून असणार, कारण तिकडे हसू दाबणाऱ्या खोकल्याची एकदम साथ आली. शेवटी साहेबांनी लिहून दिलं: रविवार, ५ मे, सकाळी नऊ, सहाही प्रशिक्षक आणि मी. नऊ कशाला, ऊन होईल, म्हटलं तर म्हणाले, "ऑफिशियल वेळ." घड्याळ तू धरणार म्हटल्यावर मात्र उसळले: "मावशी घड्याळ धरणार म्हणजे निकाल घरचाच!" मी म्हटलं, माझ्या मावशीला तुम्ही अजून ओळखलेलं नाही.

शनिवारी ये. पलंग तुझा. माझे पाय तसेही बाहेर येतात, मी खालीच झोपेन.

शिडी

६ मे

लाडके शिडे,

सुखरूप पोचले. बसमध्ये तीन तास तुझाच विचार होता, म्हणून लगेच लिहिते आहे. निरोप घेताना तू एक शब्द बोलली नाहीस. पिशवी वर ठेवलीस, हात हलवलास आणि लांब लांब ढांगा टाकत गेलीस. रागावलीस असं मी धरून चालले आहे.

शनिवारी दुपारी साहेबांची नोटीस लागली, "नियम क्रमांक सात रद्द", आणि तासाभरात तुझ्या नेमणुकीचं पत्र आलं. आपल्या माणसांना पळावं लागू नये म्हणून त्यांनी नियमच मोडीत काढला. तू ते पत्र वाचलंस, घडी करून डब्याखाली ठेवलंस आणि विचारलंस, "मावशी, सकाळी किती वाजता निघायचं?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

रविवारी सहा प्रशिक्षकांतले एकटे भाऊ आले. मला म्हणाले, "नियम असो नसो, पोरी बघतायत." अकरा फेऱ्या केल्या त्यांनी, निम्म्या चालत, पण केल्या. तुझा तो हडकुळा कारकूनही आला. प्रत्येक वेळी ओलांडताना "उजवीकडून येतोय, ताई!" असा ओरडायचा, ते मलासुद्धा ऐकू आलं. आणि तू दर वेळी अंग आखडून, आपली रेषा न सोडता त्याला जाऊ द्यायचीस. मी पाहिलं. तेवढं एक करायला तुला किती जोर लागत होता तेही पाहिलं.

एकविसाव्या फेरीपासून उन्हानं तुला खाल्लं. पंचावन्न मिनिटं नऊ सेकंद. साहेब माझ्या मागे येऊन उभे होते. आता त्यांचं काही जाणार नव्हतं, म्हणून उदार झाले होते. म्हणाले, "लिहा हो चोपन्न एकोणसाठ. कोण विचारतंय?" मी पंचावन्न नऊ लिहिलं.

ते सेकंद माझे असते तर तुला दिले असते, पोरी. घड्याळातले होते.

मावशी

१२ मे

प्रिय मावशी,

रागावले? तुझ्यावर? बोलले नाही कारण बोलले असते तर रडले असते, आणि सहा फुटांवरून रडलेलं सगळ्या स्टँडला दिसतं.

तू चोपन्न एकोणसाठ लिहिलं असतंस तर मात्र खरंच बोलले नसते. मार्चमधल्या चोपन्न एकवीसपुढे "बाद" आहे आणि मेमधलं पंचावन्न नऊ उशिराचं आहे. म्हणजे कागदोपत्री मी अजून एकदाही जमवलेलं नाही. छातीत हे टोचतं, आणि टोचतं ते मला आवडतं. मीटर तपासताना वर्षभर असं काही टोचलं नव्हतं.

सोमवारी पदभार घेतला. साहेब हात जोडून म्हणाले, "झालं ना आता मनासारखं? आता त्या नियमाचं नाव काढू नका." मी मान डोलावली, खाली आले आणि संघाच्या फळ्यासाठी स्वतःच्या हातानं नोटीस लिहिली:

"बास्केटबॉल, मुली. या संघाची प्रशिक्षक दर वर्षी दहा हजार मीटर पंचावन्न मिनिटांच्या आत पळेल. या वर्षीचा निकाल: ५५:०९, नापास. फेरचाचणी २ जून, सकाळी सहा, ऊन चढायच्या आत. बघायला यावे. बरोबर पळायला आलात तर जास्त चांगलं."

दुपारी साहेब आले. "हे काय? स्वतःच्या नापासाची जाहिरात? काढा ते."

"मुली वाचतात, साहेब. त्यांना कळू दे, नापास झाल्यावर काय करतात."

"काढा म्हणतोय ना मी!"

मी बाजूला सरकले आणि त्यांना वाट मोकळी करून दिली. त्यांनी हात वर केला. मग टाचा उचलल्या. मग एक छोटी उडीही मारली, त्यांच्या वयाला बरी होती. मुली श्वास रोखून बघत होत्या. अक्षरं मी बोटभर मोठी काढली आहेत, खालून सगळ्यांना वाचता येतात. पण कागद माझ्या हाताला लागेल तिथे टाचला आहे. काढायचा तर साहेबांना सगळ्या ऑफिसादेखत स्टूल मागावं लागेल.

अजून मागितलेलं नाही.

शनिवारी, १ जूनला ये. घड्याळ घेऊन ये.

तुझी,
शिडी